पाहुणा की यजमान?

सर्व्हर आपोआप उभारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'हे व्हर्च्युअल मशीन आहे का' ही तपासणी बहुतेक जण एका ओळीत उरकतात. ती महिनोन्‌महिने खपून जाते, कारण चाचणी होते ती व्हीएमवरच.

सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट घ्या. व्हीएमवर ते केव्हीएम, व्हीएमवेअर, ओरॅकल असे नाव छापते आणि एक्झिट कोड 0 देते. प्रत्यक्ष सर्व्हरवर 'नन' छापते, पण कोड 0 नसतो. स्क्रिप्टच्या माथ्यावर 'सेट -ई' असेल आणि उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये घेतले असेल, तर ती तिथेच मरते. तेही किकस्टार्टच्या पोस्ट विभागात, ज्याचा लॉग उघडून बघायची कोणाला सवय नसते.

अन्सिबलचा सापळा अधिक बेरकी आहे. साध्या सर्व्हरवरही केव्हीएम मॉड्यूल चढलेले असले, की व्हर्च्युअलायझेशनचा प्रकार 'केव्हीएम' असाच येतो. फरक सांगणारी भूमिका वेगळ्या फॅक्टमध्ये असते, 'गेस्ट' किंवा 'होस्ट'. नुसता प्रकार पाहणारी प्लेबुक यजमानालाच पाहुणा समजते. मग स्मार्टडी वगळले जाते, मायक्रोकोडही राहतो, आणि खरी डिस्क कुरकुरत असताना कोणालाच इशारा मिळत नाही. अशी प्लेबुक कोड रिव्ह्यूतून बिनबोभाट पार होते, कारण वाचताना ती बरोबरच वाटते.

डीएमआयवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही जपून असावे. ॲमेझॉनच्या मेटल इन्स्टन्सवर खाली हायपरवायझर नसतो, तरी निर्माता म्हणून 'ॲमेझॉन ईसी2' हेच दिसते.

आमचे मत स्पष्ट आहे: एकच 'व्हीएम आहे' असा झेंडा सगळ्या कामांत फिरवू नका. गेस्ट एजंट बसवायचा असेल तर प्रकार आणि भूमिका दोन्ही तपासा. मायक्रोकोडसाठी सीपीयूचा हायपरवायझर फ्लॅग पाहा. पार्टिशन करताना तर व्हीएमचा विचारच नको, एलएसबीएलके काय दाखवते ते बघा. केव्हीएमवर व्हर्टआयओ-स्कझी असेल तर डिस्क व्हीडीए नव्हे, एसडीए म्हणून येते.

चाचणीसाठी एखादा जुना डेस्कटॉप बाजूला काढून ठेवा. त्याच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन मात्र चालू असू द्या, नाहीतर यजमान-पाहुण्याची गफलत तिथे दिसेलच असे नाही.