पायथन शिकायचेय? क्लासची फी भरण्याआधी हे पाहा

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. या क्षेत्रात पायथन ही संगणकभाषा सर्वत्र वापरली जाते. ती शिकण्यासाठी लगेच हजारो रुपयांचा क्लास लावण्याची गरज नाही. आधी महिनाभर मोफत शिकून पाहावे आणि मगच खिशात हात घालावा.

इंग्रजीची भीती किती खरी?
गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेल्या या भाषेत 'इफ', 'फॉर' असे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. आकडे साठवण्याच्या जागेला 'दर' किंवा 'वजन' असे देवनागरी नावही देता येते. मराठी माध्यमाच्या मुलांना अडचण येते ती शिकवणाऱ्याच्या इंग्रजीची.

कुठून शिकावे?
आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'वर पायथनसह अनेक विषयांचे छोटे धडे मोफत आहेत, त्यातील बरेच मराठी निवेदनासह. इंग्रजी समजत असेल तर आयआयटी रोपरचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' हा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्यावा. शिकणे मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क लागते. संगणक नसेल तर 'गुगल कोलॅब' मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालते. टायपिंगला त्रास होतो, पण सुरुवात अडत नाही.

जुना धडा कसा ओळखावा?
पायथन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. 'प्रिंट'नंतर कंस नसेल, तर तो धडा जुन्या आवृत्तीचा. तो सोडून द्यावा.

एकच धरा, हाताने लिहा
दहा व्हिडिओ अर्धवट पाहण्यापेक्षा एक मालिका पूर्ण करावी. रोज थोडे स्वतः टाइप करावे. पहिला प्रोग्राम घरातलाच असू द्या: ऊस वजनाच्या पावत्यांची बेरीज, किंवा डाळिंबाचा प्रतवारीनुसार हिशेब. उत्तर बरोबर की चूक, हे घरचेच सांगतील.

साधने भरपूर आहेत. कमतरता आहे ती अडल्यावर विचारायला माणूस मिळण्याची. इंदापूरच्या गावातील मुलाने त्यासाठी प्रत्येक वेळी बारामती किंवा पुणे का गाठावे? दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांनी दर शनिवारी दोन तास संगणक कक्ष सर्वांसाठी उघडावा आणि वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी तिथे बसवावा. खर्च फारसा नाही, पण अनेकांची फी वाचेल.