फिल्मचे फोटो राहिले, डिजिटलचे गेले: रत्नागिरीतल्या एका कपाटाची गोष्ट

हल्ली इन्स्टाग्राम उघडलं की जुन्या फिल्मसारखे फोटो हमखास समोर येतात. थोडे दाणेदार, थोडे पिवळसर, कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख. बरेचदा तो नुसता फिल्टर असतो, पण प्रत्येक वेळी नाही. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत आणली. २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ नावाचा अगदी कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आला. ज्यांनी रोल धुवायला टाकलेला कधी पाहिला नाही, तेच आता रोल शोधत फिरतायत.

त्यामुळे ‘फिल्म भारी की डिजिटल?’ हा वाद पुन्हा सुरू झालाय. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं होतं: डिजिटल, विषय संपला. पण रत्नागिरीला आमच्या काकांच्या कपाटात एक स्टीलचा डबा आहे. त्या डब्याने माझं उत्तर बदललं नाही, पण प्रश्न मात्र बदलला.

बारा फोटोंचा रोल

काका शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. फोटोग्राफी हा त्यांचा आयुष्यभराचा छंद, त्यातून एक रुपया कमावला नाही. पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो. पुढे सेकंडहँड ३५ मिलिमीटरचा एसएलआर घेतला, तेव्हा छत्तीस फोटो मिळायला लागले आणि त्यांना श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. ब्लॅक अँड व्हाइट रोल बरेचदा ‘इंदू’चा असायचा. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीत तो बनायचा. ती कंपनीही पुढे बंद पडली.

मिरकरवाड्याला उतरणारी मासळी, मांडवीची संध्याकाळ, रत्नदुर्गावरून दिसणारा समुद्र, थिबा पॅलेस, घरातली लग्नं आणि बारशी. १९७८ ते २००६ या काळात त्यांनी साधारण दीडशे रोल काढले. म्हणजे सुमारे पाच हजार फोटो. माझ्या फोनमध्ये गेल्या दोन वर्षांतलेच अकरा हजार आहेत, त्यातले निम्मे स्क्रीनशॉट.

काकांची एक वहीसुद्धा आहे. रोल नंबर, तारीख, जागा, कोण कोण आहे, सगळं लिहिलेलं. आपल्या फोनमध्ये हेच काम फोटोच्या फाइलमध्ये लपलेला एक्झिफ डेटा करतो. फरक एवढाच की त्या वहीत ‘डावीकडून तिसरी, शेजारच्यांची पाहुणी’ असंही लिहिलेलं सापडतं. एक्झिफला पाहुणी कळत नाही.

डिजिटल आल्यावर काका अडले कुठे?

२००६ मध्ये काकांनी सहा मेगापिक्सेलचा डिजिटल एसएलआर घेतला. रोल संपत नाही, धुवायचा खर्च नाही, फोटो लगेच दिसतो. पण पहिले कित्येक महिने भाट्याच्या किनाऱ्यावरचे त्यांचे फोटो बिघडत होते. आकाश नुसतं पांढरंफटक.

कारण साधं आहे. निगेटिव्ह फिल्मला जास्त उजेड दिला तरी ती बरंच सहन करते. कमी पडला तर मात्र सावलीतलं काही उरत नाही. म्हणून फिल्मवाल्यांची सवय असते की थोडा उजेड जास्तच द्यावा. डिजिटल सेन्सरचं गणित उलटं. पावसात पागोळ्यांखाली मांडून ठेवलेली भांडी आठवा. प्रत्येक पिक्सेल म्हणजे असं एक छोटं भांडं. भांडं भरलं की वरचं पाणी वाहून जातं, मग किती पडलं ते मोजता येत नाही. तसं एकदा आकाश पांढरं झालं की त्यातले ढग कुठल्याही ॲपने परत येत नाहीत.

तुमचा फोन हे तुमच्या नकळत सांभाळतो. बटण दाबल्यावर तो थोड्या कमी उजेडाचे अनेक फोटो पटापट घेतो आणि ते जुळवून एक बनवतो. काकांच्या कॅमेऱ्यात ही सोय नव्हती. वयाच्या पन्नाशीत त्यांनी अठ्ठावीस वर्षांची सवय मोडली आणि आकाश सांभाळून फोटो काढायला शिकले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

जुलै २०२१

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. बातम्यांत तुम्ही पाहिलं असेल. आमची आत्या तिथेच राहते. तळमजल्यावरचं जवळपास सगळं गेलं. त्यात लग्नाचा अल्बमही होता. चिखल वाळल्यावर अल्बमची पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना फोटोचा रंगच सुटून आला.

आत्याचं लग्न १९८४ चं, फोटो काकांनी काढलेले. काका म्हणाले, “थांब गो, निगेटिव्ह असतील.”

होत्या. स्टीलच्या डब्यात, बटरपेपरच्या पाकिटांत, प्रत्येकावर रोल नंबर. सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. कोकणातल्या दमट हवेत फिल्मवर बुरशी धरते, कारण फिल्मवरचा जिलेटिनचा थर बुरशीला खाद्यच असतो. म्हणून काका दर पावसाळ्यात ते जेल बघतात. निळं असेल तर कोरडं, गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत निळं करायचं. सदतीस वर्षं हेच चाललं होतं. मी त्या निगेटिव्ह स्कॅन केल्या, रंग थोडे उडाले होते ते सुधारले आणि आत्याला नवा अल्बम करून दिला.

मग आत्या म्हणाली, “माझ्या मुलीच्या मुंजी-बारशाचे नव्हेत, तिच्या शाळेतल्या बक्षिसाचे फोटो पण होते त्यात. ते दे ना.” ते २००९ चे. डिजिटल.

ते एका हार्डडिस्कवर होते. डिस्क लावली तर टकटक आवाज यायला लागला आणि कॉम्प्युटरला ती दिसेना. दुसरी कॉपी म्हणून काकांनी काही सीडी केल्या होत्या, त्यातल्या मोजक्याच वाचता आल्या. २००६ ते २०१२ ही सहा वर्षं आमच्या घरातून जवळजवळ पुसली गेली. आजोबांचे शेवटचे फोटो त्यातच होते. १९८४ उघडलं, २००९ उघडलं नाही.

असं का झालं?

फिल्म अमर असते म्हणून हे झालं, असं समजू नका. रंगीत निगेटिव्हमधले रंग वर्षानुवर्षं फिके पडत जातात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदीचे कण असतात, ते जास्त टिकतात. पण आग, पूर, बुरशी यांना दोन्ही घाबरतात. फिल्मलाही कंपनी लागतेच. कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये होती. २०१० च्या शेवटी तिने ते काम थांबवलं. त्यानंतर घरात उरलेल्या कोडाक्रोम रोलचा फारसा उपयोग राहिला नाही.

पण एकदा धुतलेल्या निगेटिव्हला कोणाची गरज लागत नाही. खिडकीसमोर धरली की चित्र दिसतं. ती हळूहळू खराब होते आणि खराब होताना दिसते. तुम्हाला वेळ मिळतो.

डिजिटल फाइल अशी म्हातारी होत नाही. ती आज शंभर टक्के चांगली असते आणि उद्या शून्य. हार्डडिस्कमध्ये फिरणारे भाग असतात, ते झिजतात. पेनड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये माहिती विजेच्या चार्जच्या रूपात असते, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्यास तो चार्ज गळू शकतो. घरी लिहिलेल्या सीडीतही रंगाचाच थर असतो, तोही बिघडतो. फाइलचा प्रकार हा अडथळा नाही. जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं आहे आणि आजही प्रत्येक फोन ते उघडतो. फाइल ज्याच्यावर ठेवली, ते मरतं.

गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवला होता. ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यावर खूप लिहिलं गेलंय. पण फिल्मसोबत घरोघरी आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल कोणी फार बोललं नाही. रोल धुतला की निगेटिव्ह आणि प्रिंट आपोआप हातात यायच्या. म्हणजे दोन कॉप्या, दोन वेगळ्या वस्तूंवर. बॅकअप हा शब्द माहीत नसलेल्या माणसाचाही बॅकअप होत होता.

“पण माझं सगळं क्लाउडवर आहे”

क्लाउड हार्डडिस्कपेक्षा नक्कीच सुरक्षित. पण ती भाड्याची जागा आहे आणि भाड्याच्या जागेचे नियम मालक बदलतो. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल डिलीट करू शकतं, हा नियम २०२३ मध्ये आला. ऑर्कुट तर २०१४ मध्येच बंद झालं.

व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपला अल्बम समजू नका. तिथे पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख, जागा ही माहिती निघून जाते. वहीचं पानच फाटतं म्हणा ना.

आम्ही काय केलं

गणपतीत रत्नागिरीला गेले तेव्हा काका आणि मी दोन दिवस बसलो. आमच्या क्षेत्रातला ३-२-१ हा जुना नियम वापरला: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आता एक कॉपी काकांच्या डिस्कवर, एक क्लाउडवर, एक माझ्याकडे पुण्यात. काकांनी कॅलेंडरवर खूण केली. दर पावसाळ्यात सिलिका जेल तव्यावर ठेवायचं, त्याच दिवशी डिस्क लावून उघडते का बघायचं.

निगेटिव्ह तुम्हीही फोनवर उतरवू शकता. टॅबवर पांढरी स्क्रीन पूर्ण उजेडात ठेवा, निगेटिव्ह तिच्यापासून दोन बोटं वर धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत, फोटो काढा आणि एडिटिंग ॲपमध्ये रंग उलटे करा. रंगीत निगेटिव्हला मुळातच नारिंगी छटा असते, त्यामुळे उलटल्यावर फोटो निळसर येईल. तेवढा रंग दुरुस्त करा. अल्बमची क्वालिटी येणार नाही, पण चेहरा ओळखू येईल.

शेवटी काकांनीच विचारलं, “डबा कुठे आहे ते सगळ्यांना माहितेय. पण ह्या गुगलची किल्ली माझ्यानंतर कोणाकडे?”

याला मात्र माझ्याकडे तयार उत्तर होतं. गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ठराविक महिने वापरलं गेलं नाही तर माहिती कोणाला द्यायची ते आधीच नोंदवता येतं. आयफोनमध्ये आपल्यानंतर माहिती कोणाला मिळावी ते ‘लेगसी कॉन्टॅक्ट’मध्ये नोंदवता येतं. काकांनी आत्याच्या मुलीचं नाव टाकलं. जिचे बक्षिसाचे फोटो गेले, तिचंच.

मग वहीत नवीन पान उघडून त्यांनी लिहिलं, कोणती कॉपी कुठे आहे ते. वही परत डब्यात गेली.

आज रात्री एवढंच करा. फोनमधले वर्षभरातले वीस फोटो निवडा आणि प्रिंट काढायला द्या. मागे पेनाने नाव आणि तारीख लिहा. आणि घरात कुठे निगेटिव्हचं पाकीट पडलं असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आत ते शोधा.