लाकूड कोणाचं?

एकाच झाडाला 18 हजार, 62 हजार आणि शून्य. झाड तोडायची ही तीन कोटेशन्स आमच्या सोसायटीच्या फायलीत एकापाठोपाठ लावलेली आहेत. रंगकाम, वॉटरप्रूफिंग, लिफ्टची दुरुस्ती, कशाच्याही दरात फरक पडतोच. पण तो दीडपट, फार तर दुप्पट. जवळजवळ साडेतीनपट फरक आणि वर एक फुकटवाला, हे भाग्य झाडाचंच. कमिटीत पहिली प्रतिक्रिया अर्थातच ‘बासष्टवाला लुटतोय’ अशी होती. माझं मत नेमकं उलट आहे. ते का, हे सांगायला आजचं सदर.

झाड म्हणजे आमच्या मागच्या आवारातला वर्षावृक्ष. काही जण त्याला विलायती शिरीष म्हणतात. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पण मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर इतका रुळलेला की कोणाला तो पाहुणा वाटत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत या शहरातल्या अनेक वर्षावृक्षांना पिठ्या ढेकूण लागला, तसा आमच्याही झाडाला लागला. फांद्यांवर पांढरा कापूस पिंजून टाकल्यासारखं दिसायला लागलं, खाली उभ्या गाड्यांवर चिकट थर बसू लागला, गाडीवाल्यांनी तक्रारी केल्या, आणि मग पानंच गेली. पावसाळ्यानंतर पालवी फुटेल म्हणून सगळे वर बघत राहिले. फुटली नाही.

महापालिकेच्या 2018च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. त्यातली 15 लाखांहून अधिक खासगी आवारांत आहेत. रस्त्यावरचं झाड पालिका बघते. कुंपणाच्या आतलं मालकाने बघायचं. म्हणजे शहरातल्या निम्म्याहून जास्त झाडांचा निकाल अशा माणसांच्या हातात आहे ज्यांनी आयुष्यात कधी झाड उतरवताना पाहिलेलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार, शाळेत शिकवणाऱ्या सेक्रेटरीबाई आणि लिहिता येतं म्हणून कमिटीत ओढली गेलेली मी.

अठरा हजारवाल्याला आम्ही व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘18000 लमसम, माल हमारा’. बस्स. फोटोत झाडाचा वरचा अर्धा भाग होता, खाली काय आहे ते दिसतच नव्हतं. त्याला ते बघायचंही नव्हतं. ‘माल हमारा’ या दोन शब्दांकडे तेव्हा आमच्यापैकी कोणाचं लक्ष गेलं नाही.

बासष्टवाला स्वतः आला नाही, त्याचा मुकादम आला. पन्नाशीचा, किडकिडीत, कमरेला कोयता. त्याने वर बघायच्या आधी खाली बघितलं. झाडाभोवती एक चक्कर मारली आणि कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर ठोकत गेला. एका बाजूला ठक्क असा भरीव आवाज. कुंपणाच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, आवाज एकदम पोकळ. तिथे मुळाशी तपकिरी अळंबी उगवलेली होती. आम्ही रोज तिच्याशेजारी गाड्या लावतो आणि ती कोणाला दिसली नव्हती. त्याने पायाने पेव्हर ब्लॉक दाबून पाहिले आणि विचारलं, “ताई, पाण्याची टाकी कुठं आहे?” टाकी जमिनीखाली, बुंध्यापासून चार पावलांवर. मग त्याने बोटाने दाखवलं: इकडे शेजारच्या सोसायटीची पत्र्याची शेड, तिकडे विजेची केबल, मध्ये तुमची टाकी. “हे झाड पाडता येणार नाही. उतरवायला लागेल.”

सगळा दर या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतराचा आहे. मोकळ्या शेतात झाड पाडायचं असेल तर बुंध्याला खाच घ्यायची, दोर लावून दिशा द्यायची आणि बाजूला व्हायचं. दोन माणसं आणि एक कटर मशीन पुरतं. तेच झाड सोसायटीत आलं की प्रत्येक फांदी आधी दोराने बांधावी लागते, मग कापावी लागते, आणि खाली उभ्या माणसाने ती ढिली सोडत सोडत जमिनीला टेकवावी लागते. शेंड्यापासून खाली, मग खोडाचे ओंडके, तेही एकेक करून. दोन-तीन फूट जाडीचा ओलसर ओंडका हा क्विंटलांचा हिशोब असतो. तो वरून सुटला तर पेव्हर ब्लॉक फुटतात, आणि टाकीच्या स्लॅबवर पडला तर सगळी बिल्डिंग टँकरवर येते. थोडक्यात, पैसे झाडाच्या जाडीचे कमी आणि झाडाखाली काय आहे त्याचे जास्त. फोटोवरून दर देणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट पाहिलेली नसते.

खजिनदारांचा आक्षेप होता की झाड मेलेलं आहे, मग स्वस्त नको का? मुकादम हसला. जिवंत फांदी माणसाचं वजन पेलते, वाकते, मोडण्याआधी करकरते. वाळलेली फांदी न सांगता जाते. मेलेल्या झाडावर चढणाऱ्याला दोर कशाला बांधायचा हाच प्रश्न असतो, म्हणून मग बूम लिफ्ट भाड्याने आणावी लागते, आणि ती गेटमधून आत शिरते का हे आधी मोजावं लागतं. आमच्या गेटमधून लहान लिफ्ट जेमतेम शिरत होती. त्याने ते टेपने मोजून वहीत लिहून घेतलं. ‘सुकलंय, आता काही घाई नाही’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक कमिटीला मी हे सांगू इच्छिते: वाळलेलं झाड जितकं उभं ठेवाल तितकं महाग होतं.

आता शून्यवाला. तो एका सभासदाच्या ओळखीने आला. गोड बोलणारा. झाड बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, एक रुपया देऊ नका, आम्ही उतरवतो, साफ करून देतो. फक्त शेजारचा तो आंबा आहे ना, त्याचीही जरा छाटणी करून घेऊ, फार पसरलाय.

कमिटीत आनंदीआनंद. सुंठीवाचून खोकला जाणार होता. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्या खिडकीतून म्हणाल्या, “आंब्याला काय झालंय? चांगला मोहरतो की दर वर्षी.”

आंब्याला काहीच झालेलं नव्हतं. त्याचं लाकूड मात्र चांगलं होतं. आंब्याच्या फळ्या पॅकिंगच्या खोक्यांना जातात, फर्निचरला जातात, होमाला आंब्याचंच लाकूड मागतात. वाळक्या, किडक्या वर्षावृक्षाला सरपणापलीकडे फारसा भाव नाही. आणि मुंबईत सरपणाचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे बेकऱ्या, त्यांना तर उच्च न्यायालयाने 2025च्या जानेवारीत लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. तेव्हा शून्यवाल्याचा हिशोब सरळ होता. तो वर्षावृक्षाची मजुरी आमच्या आंब्यातून वसूल करणार होता, आणि ‘जरा छाटणी’ची व्याख्या टेम्पो भरेपर्यंत ताणली गेली असती.

इथे आपल्याकडच्या या धंद्याची खरी गोम आहे. बाकी कुठल्याही कामात पैसे एकाच दिशेने जातात, आपल्याकडून कंत्राटदाराकडे. झाडाच्या कामात मजुरी आपण देतो आणि लाकूड तो नेतो, म्हणजे किंमत दोन्ही बाजूंनी वाहते, आणि कोटेशनवर मात्र एकच आकडा दिसतो. त्या आकड्यात मजुरी किती आणि लाकडाची वजावट किती, हे कळायला मार्ग नसतो. ज्याची कमाई मजुरीत आहे तो काम नीट करतो. ज्याची कमाई लाकडात आहे त्याचा कोयता परवानगीच्या पुढे जातो. सागवान, शिसव, फणस असलं काही आवारात असेल तर ‘फुकट’ हा शब्द कानावर पडताच सावध व्हावं. सागवानाला तर वनखात्याचा वाहतूक पास लागतो, आणि तो कोण काढणार हे विचारलं की बरेच जण फोन उचलायचे थांबतात.

म्हणून सेक्रेटरीबाईंनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: लाकूड आम्ही ठेवून घेतलं तर किती? बासष्टवाल्याने वही उघडली आणि म्हणाला, 70 हजार. म्हणजे त्याच्या हिशोबी आमच्या लाकडाची किंमत 8 हजार; लपवाछपवी नाही. अठरावाला म्हणाला, “मग नाही परवडत.” पुढे आकडाच नाही. शून्यवाला म्हणाला, बघू, सांगतो. त्याचं सांगणं अजून यायचं आहे.

हा प्रश्न मला कुठल्याही तुलनात्मक तक्त्यापेक्षा कामाचा वाटतो. तक्ताही आम्ही केला, नाही असं नाही. सोसायटीच्या फायलीला तक्ता लागतोच आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा खर्च सभेपुढे न्यायचा तर तो असलेला बरा. पण तक्त्यात तीन वेगळ्या कामांचे तीन दर शेजारी-शेजारी बसले होते. एक झाड पाडणार होता, एक उतरवणार होता, एक नेणार होता.

परवानगीचं प्रकरण वेगळंच. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यात ‘झाड तोडणं’ म्हणजे नुसतं बुंध्यातून कापणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यातच येतं, आणि शिक्षेत दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात. 2021च्या दुरुस्तीने कापलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं तितकी नवी झाडं लावण्याची अट कायद्यात आणली. हा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये नसतो, पण सोसायटीच्या डोक्यावर असू शकतो. परवानगीपत्रातल्या अटी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय खर्चाचा आकडा सभेत सांगू नये. आणि परवानगी सोसायटीच्या नावावर असते. उद्या आंबा जास्त कापला गेला तर चौकशीला कंत्राटदार नाही, सेक्रेटरीबाई जाणार.

एका दरपत्रकात ‘परमिशन आमच्याकडून’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे घसघशीत रक्कम. पावती कोणाच्या नावाने मिळेल, असं खजिनदारांनी विचारलं. बँकेत उमर गेलेला माणूस. त्याला पावतीशिवाय झोप येत नाही. ती ओळ पुढच्या कागदातून गायब झाली.

पैसे वाचवायला आमच्या सभेत जिच्यावर पहिली कात्री चालवायची टूम निघाली ती म्हणजे विम्याची ओळ. बासष्टवाल्याने कामगारांची डब्ल्यूसी, म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन पॉलिसी जोडली होती. “ती काढली तर किती कमी होतील?” असं एका सभासदाने विचारलंच. चाळीस फुटांवर वाळक्या फांदीला मशीन लावणाऱ्या माणसाचा विमा काढून टाकून आपण प्रत्येक फ्लॅटमागे किती वाचवणार, याचा भागाकार मी तिथल्या तिथे मोबाइलवर करून दाखवला. विषय बंद झाला. पॉलिसीची प्रत मात्र नुसती घेऊन ठेवू नका. तारीख बघा, माणसांची संख्या बघा. मुदत संपलेली पॉलिसी झेरॉक्सवर अगदी छान दिसते.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी: बुंधा जमिनीलगत कापणार की मुळासकट काढणार, हे लिहून घ्या, टाकीजवळ असेल तर मुळं तशीच राहू द्या. पालापाचोळा कोण उचलणार तेही लिहून घ्या, कारण ओंडके त्याच संध्याकाळी जातात आणि फांद्यांचा ढीग गणपतीपर्यंत पडून राहतो. वीज बंद ठेवायची असेल तर अर्ज कोण करणार? शेजाऱ्याचा पत्रा फुटला तर भरपाई कोणाची? आणि 18 टक्के जीएसटी धरून आकडा सांगतायत की सोडून? आमच्या बासष्टचे त्यापायी 73,160 झाले. सभेत हा आकडा ऐकून मागच्या रांगेतून एक दीर्घ सुस्कारा आला, तो मिनिट्समध्ये घेतलेला नाही.

भीतीचाही एक दर असतो. 2017च्या जुलैत चेंबूरमध्ये नारळाचं झाड अंगावर कोसळून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा मृत्यू झाला. तेव्हापासून मे महिना आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर तिरक्या झाडांचे फोटो फिरू लागतात. पालिकेच्या पावसाळ्यापूर्वीच्या नोटिसाही त्याच सुमारास येतात, आणि सगळं शहर एकदम त्याच चार कंत्राटदारांना फोन करतं. “गिर गया तो?” हे तीन शब्द त्या दिवसांत दरात सहज भर घालतात. झाड खरंच धोकादायक असेल तर थांबू नये, पालिकेला लगेच कळवावं. पण नुसतं वाकलेलं झाड आणि मुळाशी कुजलेलं झाड यांत फरक आहे, आणि तो कोयत्याच्या पाठीने ठोकून बघणाऱ्याला कळतो, घाबरवणाऱ्याला नाही. आमच्याकडेही एकाने वाळक्या झाडाच्या जोडीने एक धडधाकट नारळ ‘रिस्की’ ठरवला होता.

आम्ही काम बासष्टवाल्यालाच दिलं, लाकूड त्याच्याकडे, आंब्याला हात लावायचा नाही असं करारात लिहून. अर्धे पैसे आवार साफ झाल्यावर.

तुमच्या आवारात असं झाड असेल तर मेची वाट बघू नका. दिवाळी झाली की माणूस बोलवा, फोटो पाठवू नका. लाकडासकट आणि लाकडाशिवाय असे दोन आकडे प्रत्येकाकडून लेखी घ्या. आणि परवानगीपत्रात ज्या झाडाचा नंबर आहे तोच नंबर वर्क ऑर्डरवर लिहा, खाली कंत्राटदाराची सही घ्या, मगच गेट उघडा.