नऊ औषधे नापास

गेल्या महिन्यात आमच्या सौभाग्यवतींना थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ होती. डॉक्टरांनी लघवीचे कल्चर करायला सांगितले. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. जंतूचे नाव ई. कोलाय आणि खाली चौदा औषधांची यादी. त्यांतल्या नऊ औषधांपुढे 'आर' हे अक्षर. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. चौतीस वर्षे प्रगतीपुस्तके भरली, पण एका वर्गात एवढे नापास कधी पाहिले नव्हते. शेवटी सात दिवस इंजेक्शने घेतली तेव्हा ताप उतरला.

असे काही निघाले की आपण शिकलेली मंडळी लगेच म्हणतो, "खेड्यातले लोक औषधाचा कोर्सच पूर्ण करीत नाहीत." मित्रहो, मला हे मान्य नाही. धडगावकडून जीपने येणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. खिशात दोन दिवसांच्या गोळ्यांचे पैसे असतात, म्हणून तो दोन दिवसांच्याच घेतो. तो चुकतो, पण नाइलाजाने.

आपला काय नाइलाज आहे? पेन्शन वेळेवर येते, दवाखाना जवळ आहे. तरी माझ्या टेबलाच्या खणात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमच्या अर्धवट स्ट्रिप्स होत्या. नातवाला सर्दी झाली की मी त्यातलीच गोळी अर्धी करून देत होतो. सर्दी विषाणूमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलट पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात. जे मरायचे ते मरतात, जे तग धरतात त्यांची पुढे वंशवेल वाढते. फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेलच्या भाषणात अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता.

कायदा नाही असेही नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यातली औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराने डॉक्टरांचे, रुग्णाचे व औषधाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. सेफिक्झिम त्या यादीत आहे. माझा एक विद्यार्थी औषधांचे दुकान चालवतो. त्याला याबद्दल विचारले तर म्हणाला, "सर, चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं." मी गप्प बसलो. खणातली सेफिक्झिम त्याच्याकडूनच आणली होती, चिठ्ठीशिवाय.

२००६ साली नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला तेव्हा सारे सरकार धावून आले आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी कोणी धावत येत नाही, कारण ते गाजावाजा न करता पसरतात. २०१९ या एका वर्षात या जंतूंनी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे नेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या जिल्ह्यात याची किंमत कोण मोजणार? भिल्ल व पावरा समाजात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. म्हणून अशा बाळांना पाच वर्षांची होईपर्यंत रोज पेनिसिलिन द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्या बाळाला अँटिबायोटिकची खरी गरज आहे. आपण आपल्या सर्दीपायी त्याचे औषध बोथट करतो आहोत.

तेव्हा दुकानातले रजिस्टर खरोखर भरले जावे, ते कोणीतरी तपासावे आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच कल्चरची सोय व्हावी, एवढे तरी आपण मागितले पाहिजे. डॉक्टर "गोळीची गरज नाही" म्हणाले तर त्यांच्यावर रुसू नये.

आणि चिठ्ठी मागितली म्हणून पुढच्या दुकानात जाऊ नये. हे मी आधी स्वतःलाच सांगतो आहे.