नाव देण्याआधी

आमच्या निवासी शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. बेडूक, सरडे व पाली यांच्या शरीरातील परोपजीवी गोलकृमी हा तिचा विषय. गेल्या पावसाळ्यात पालकसभेला तिची आई धाकट्या मुलासाठी आली होती. सभा संपल्यावर त्या आम्हांस बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, आमच्या आजेसासऱ्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. आता पोरगी रस्त्यावर मेलेल्या बेडकांची आतडी धुते. एवढ्यासाठीच शिकवली का तिला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. ते ऐकून गावोगावच्या आपल्या वडीलधाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते पाळले. त्या घरातील मातेला मुलीच्या हातातील कात्री खुपणे स्वाभाविक आहे. परंतु ढोर ओढण्याचे काम जन्माने लादलेले होते व त्यास नकार देण्याची सोय नव्हती. सोलणाऱ्याला जनावराच्या शरीराची जी जाण होती, ती कोणी लिहून घेतली नाही. ही मुलगी स्वेच्छेने हे काम करते आणि जे पाहते ते स्वतःच्या नावाने लिहिते. शिवाय ती जीव मारीत नाही. नेरूळच्या रस्त्यांवर पावसाळी रात्री वाहनांखाली सापडलेले भेक ती मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, रीतसर परवानगीने तपासते.

योगायोग असा की, त्याच १९२७ साली जे. एन. कर्वे यांचा एक लेख लिव्हरपूलहून निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बेडूक-भेकांच्या आतड्यातील एका गोलकृमीला स्ट्युअर्ट या संशोधकाने १९१४ मध्ये 'मॅकिंटॉशाय' असे प्रजातिनाव दिले होते. कर्व्यांनी त्याचे पुनर्वर्णन केले. पुढे हा कृमी 'ॲप्लेक्टाना' या गणात गेला. गण बदलला तरी 'मॅकिंटॉशाय' हे नाव टिकले आणि पहिल्या वर्णनकर्त्याचे नाव व वर्ष कंसात राहिले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून ही नोंदपद्धती आम्हांस फार आवडते. चूक दुरुस्त होते, पण ती कोणी व केव्हा केली हे पुसले जात नाही.

(शास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'स्पीशीज'ला 'जाती' म्हणतात. तो शब्द आमच्या लेखणीला जड जातो. म्हणून येथे प्रजाती असेच लिहितो.)

एखादी प्रजाती नवी आहे हे ठरते तरी कसे? कृमी गरम अल्कोहोलमध्ये सोडला की तो ताठ होऊन मरतो. मग ग्लिसरीनसारख्या द्रवात त्याचे शरीर पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली अन्ननलिकेची लांबी, अंड्यांचा आकार, नराच्या शेपटीकडील बारीक काटे आणि तेथील इवल्या उंचवट्यांची मांडणी मोजतात. आता जनुकीय तपासणीही होते. फॉर्मॅलिनमध्ये जनुकद्रव्य बिघडते, म्हणून तिच्यासाठी काही कृमी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवावे लागतात. एवढे करूनही फसगत होते. एकच कृमी वेगळ्या यजमान प्राण्यात वाढला तर त्याची मापे बदलू शकतात. बेडकाच्या फुप्फुसातील 'ऱ्हॅब्डियास' तर एक पिढी फुप्फुसात आणि दुसरी ओल्या मातीत काढतो. मातीतील पिढीत नर व मादी वेगळे असतात, फुप्फुसातील पिढीत तसे नसते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस त्यांना खुशाल दोन प्रजाती ठरवील.

म्हणूनच 'नवी प्रजाती सापडली' या बातमीपेक्षा तिचा नमुना कोठे ठेवला आहे, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १९९९ नंतर दिलेल्या प्रत्येक नव्या नावासाठी एक आधारनमुना निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात राहील हे सांगावे लागते. त्यापूर्वी ही सक्ती नव्हती. परिणामी आपल्या देशात आतड्यातील कृमींना दिलेली कित्येक नावे आज तपासताच येत नाहीत, कारण नमुना हरवलेला असतो आणि उरते ते एखादे धूसर रेखाचित्र. मूळ कागद नसलेल्या बखरीवर आम्ही जेवढा विश्वास ठेवू, तेवढाच अशा नावावर ठेवता येतो. बेलिस यांचे ब्रिटिश हिंदुस्थानातील सूत्रकृमींवरील दोन खंड १९३६ व १९३९ मध्ये लंडनहून निघाले, आणि त्यांचा आधार आजही घ्यावा लागतो. हा त्यांचा गौरव खराच. पण कृमी ओळखू शकणारी माणसे आपण किती थोडी घडविली, हेही त्यातून दिसते. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजणाऱ्या व्यवस्थेला नवे नाव दिसते, जुन्या नावाची फेरतपासणी दिसत नाही. आमच्या मते विद्यापीठांनी पुनर्वर्णनालाही शोधाइतकेच गुण द्यावेत आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या बाटल्या पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या प्राणी सर्वेक्षण विभागाकडे नोंदवून सोपवाव्यात.

दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा भेटली. तिला नवा वाटलेला कृमी बहुधा स्ट्युअर्टचाच, असे मार्गदर्शकांनी सांगितले होते. आई म्हणाल्या, "म्हणजे वर्ष वाया गेलं." मुलीने पिशवीतून बोटभर उंचीची बाटली काढली. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरते. यजमान, अवयव, तारीख, नेरूळ आणि खाली तिचे पूर्ण नाव. आईंनी ती बाटली उजेडाकडे धरली आणि चिठ्ठी दोनदा वाचली.