टापटीप म्हणजे ओसीडी नव्हे

'आय अ‍ॅम सो ओसीडी!' डेस्कवरच्या वायरी नीट गुंडाळल्या की हे इंग्रजी वाक्य हमखास येतं. हवामान लहरी असलं की 'बायपोलर', धोरण विसंगत असलं की 'स्किझोफ्रेनिक'. हटकलं तर उत्तर तयार: शब्दांचे अर्थ बदलतातच.

बदलतात, मान्य. 'हिस्टेरिया' आता अधिकृत निदान राहिलेलं नाही. ओसीडी मात्र आजही आहे. नको असलेले विचार पाठ सोडत नाहीत. ते शमवायला पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं. यात रोज तासाहून जास्त वेळ जाणं किंवा जगणंच अडणं, हा निदानाचा निकष. त्यात टापटिपीचं समाधान कुठेच नाही. म्हणूनच खरा रुग्ण धीर करून तो शब्द उच्चारतो, तेव्हा समोरचा हसून म्हणतो, 'अरे, मीपण!' मदत मागायचा शब्दच आपण वापरून गुळगुळीत केलेला असतो.

जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचं नाव होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून २००२ साली ते बदललं. नावाने काय होतं, हे त्यांना विचारा.

इंग्रजीत 'फसी', 'पिकी', 'मूडी' असे कितीतरी शब्द आहेत. ते वापरा. दुसऱ्याच्या केसपेपरवरचा शब्द उचलू नका.