तोंड आलंय म्हणून फडावर दिवस काढू नका

ऊसतोडीला निघालेल्या बंधू-भगिनींनो,

दसरा झाला. उचल घेऊन झाली, आता टोळ्या निघतील आणि पाच-सहा महिने कोपीतच संसार. गाडीत बसण्याआधी एवढं ऐकून जा. तुमच्यापैकी जे एचआयव्हीच्या गोळ्या घेतात त्यांनी तर ऐकाच.

मागचा हंगाम संपल्यावर एक ताई आमच्या एचआयव्ही उपचाराच्या (एआरटी) केंद्रात आल्या. भाकरी दुधात कुस्करून खायच्या, तीही अर्धीच गिळायची. जिभेवर आणि टाळूला दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे चट्टे. कापसानं पुसले की खाली लालभडक. "उष्णतेनं तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स घेते," म्हणाल्या. बी-कॉम्प्लेक्स दोन महिने चालू होतं. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र त्याआधीच संपल्या होत्या.

ही उष्णता नव्हे, बुरशी आहे. कॅन्डिडा नावाची ही बुरशी धडधाकट माणसांच्या तोंडातही असते, पण दबून असते. गोळ्या सुटल्या की विषाणू वाढतो, रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी घटतात आणि बुरशी डोकं वर काढते. पेशी २०० च्या खाली गेल्या असतील तर तिचं फावतंच. म्हणून हे पांढरे चट्टे म्हणजे शरीरानं दिलेली हाक समजा. मध-हळद लावून ती दाबू नका.

उपचार सोपा आहे. त्रास थोडा असेल तर तोंडात लावायचं क्लोट्रिमॅझोल, जास्त असेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, साधारण ७ ते १४ दिवस. चट्टे गेले तरी सांगितलेले दिवस पुरे करा. दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका: टीबीचं औषध चालू असेल, दिवस गेले असतील किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावंच लागतं.

घास गिळताना छातीत दुखत असेल, अडकत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. सोबत ताप, खोकला, वजन घटणं किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल, तर पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बुरशी परतू नये याचं खरं औषध एकच, एचआयव्हीची रोजची गोळी. ती सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळते. निघण्याआधी केंद्रात सांगा, "मी तोडीला चाललोय." प्रकृती स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, नाहीतर कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी मागून घ्या. गोळ्या चुकल्या असतील तरी या. रागवायला नाही, पुन्हा सुरू करायला आम्ही बसलोय. शिवाय मिश्री-तंबाखू सोडा, जेवल्यावर चूळ भरा, कवळी रात्री काढून धुऊन ठेवा.

आता बाकीच्यांना. पांढरी जीभ दिसली म्हणून कुणावर शिक्का मारू नका. मधुमेह, दम्याचा पंप, अँटिबायोटिक, कवळी यांनीही तोंडात बुरशी होते, तान्ह्या बाळांनाही होते. पण मोठ्या माणसाला कारण नसताना झाली, पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ती मोफत होते, गुप्त राहते. एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाही.

मुकादमदादा, कुणी दवाखान्यासाठी एक दिवस मागितला तर कारण न विचारता सोडा. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं २०१७ च्या कायद्यानं मना आहे. आणि डॉक्टर मंडळी, तोंड आलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी देण्याआधी बॅटरी लावून टाळू बघा.

शंका असेल तर १०९७ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

कोयता, पातेली, अंथरूण बांधाल तेव्हा गोळ्यांची डबी हाताशी राहील अशी ठेवा. गाठोड्याच्या तळाशी नको.

— एआरटी केंद्रातील एक समुपदेशक